शेवट नसलेला बांध

फाटकावरच्या पाटीवर तीनच ओळी होत्या. मातीचं प्राचीन कडं. काळ अनिश्चित. उद्देश अज्ञात.

तिला हसू आलं. बाळ झाल्यापासून ही पाटी तिच्याच दारावर लावली असती तरी चाललं असतं.

"काय लिहिलंय?" सासऱ्यांनी विचारलं. चष्मा त्यांच्याच खिशात होता, पण तो काढून देण्याइतका उरक आता तिच्यातही राहिला नव्हता.

"कुणी बांधलं, कशासाठी बांधलं, काही माहीत नाही म्हणे बाबा."

"बांधणाऱ्याला माहीत असेल," ते म्हणाले आणि काठी टेकत पुढे निघाले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते कडं तिला रोज दिसायचं. शेवटच्या घरांपलीकडे, कुरणाच्या उंचवट्यावर, कुणी भलंमोठं चाक आडवं टाकून विसरून गेलं असावं आणि त्यावर गवत उगवलं असावं, तसं. बाटल्या उकळताना, दुपटी पिळताना नजर आपसूक तिकडे जायची. ती कॉलेजात भूगोल शिकवायची. रजा घेतली तेव्हा तिचा बेत होता की बाळ झोपलं की भरपूर वाचायचं. सात महिन्यांत तिने जे काही वाचलं ते औषधाच्या बाटल्यांवरचं.

नवरा जहाजावर. नणंद दुसऱ्या शहरात, तिथून रोज फोनवर. "बाबांना चालवत जा गं थोडं. डॉक्टर म्हणालेत. तू काय, घरीच असतेस." त्यातल्या 'घरीच'ला उत्तर द्यायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. आज मात्र पाऊस उघडला, बाळ दूध पिऊन सुस्तावलं, आणि तिला वाटलं, चालायचंच आहे तर तिकडे जाऊ. सासऱ्यांचं चालणं होईल आणि आपलं बघणं. स्वतःसाठी मागितलेली एवढी एकच दुपार. तिने बाळाला छातीशी बांधायच्या पिशवीत घातलं, पिवळा रेनकोट चढवला आणि निघाली.

सासऱ्यांना सगळी गल्ली मुकादम म्हणायची. उभा जन्म त्यांनी नदीकाठच्या मातीच्या बांधांवर काढला होता. उन्हाळाभर भराव घालायचा, थरावर थर चोपायचा, आणि पूर चढला की त्याच बांधावर माणसं नेमून पहारा द्यायचा. आता त्यांची आठवण अलीकडच्या टोकाकडून झिजत चालली होती. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे, पण तिच्या नवऱ्याच्या जन्माआधीच्या पुरात कुठल्या टप्प्यावर कोण उभं होतं, ते मात्र घडाघडा सांगत.

बाळाला ते गठुडं म्हणायचे. आणि एके दिवशी ते गठुडं हरवलं होतं. ती अंघोळीला गेली होती, बाळ त्यांच्या मांडीवर होतं. बाहेर आली तर ते पेपर वाचत बसलेले, मांडी रिकामी. "बाळ कुठंय बाबा?" "कुणाचं बाळ?" घरभर धावल्यावर ते मागच्या गॅलरीत सापडलं, धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत, वरून टॉवेल टाकलेलं, घामाघूम, पण हसत. तिने नवऱ्याला सांगितलं नाही, नणंदेलाही नाही. फक्त त्यानंतर बाळ त्यांच्या हातात दिलं नाही. तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण त्यांना कळलं असावं. बाळ जवळ आलं की ते दोन्ही तळवे गुडघ्यांवर उपडे ठेवून बसायचे, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

कडं जवळून पाहायला तिला मान वर करावी लागली. खिडकीतून ते चाकाएवढं दिसायचं, इथे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंच तट होता, बाहेरून खंदक, आणि तो तट कुठेही न तुटता वळत वळत जाऊन स्वतःलाच मिळालेला. फाटकाच्या बाजूला गुरांच्या जाण्यायेण्याने एक जागा झिजून सखल झाली होती, तिथून ती दोघं आत शिरली. आत काहीच नव्हतं. सपाट गवत आणि वर वाटोळं आभाळ. वारा बाहेर राहिला होता. एवढी माती माणसांनी टोपल्यांनी वाहून आणली असेल आणि मधे काही ठेवलंसुद्धा नाही, या विचाराने तिच्या अंगावर शहारा आला. बऱ्याच दिवसांनी तिच्या मनात कसलातरी प्रश्न आला होता, ज्याचा दुधाशी, शी-शूशी, तापाशी संबंध नव्हता.

"किल्ला असेल का बाबा? की गुरं कोंडायला? की नुसतंच पूजेबिजेसाठी?"

मुकादम तटावर हात फिरवत होते. "चोपलंय चांगलं," ते म्हणाले. "हलगर्जी नाही केली." मग काठी रोवत, तिरकं तिरकं पाऊल टाकत ते चढायला लागले. ती "सांभाळून" म्हणेस्तोवर माथ्यावर होते. त्या वयाच्या माणसाने इतकं सफाईने चढावं याचं तिला कौतुकच वाटलं. ते कौतुक फार टिकलं नाही.

ते बाहेरच्या बाजूला पाहत उभे होते. तिकडच्या खंदकात पावसाचं पाणी साचलं होतं. घोटाभर असेल नसेल, पण आभाळाचा उजेड त्यावर पडून ते लांबपर्यंत चकाकत होतं, आणि तटाच्या पायाला लागलेलं होतं.

"केव्हापासून आहे हे?" त्यांनी विचारलं. आवाज बदलला होता.

"काय बाबा?"

"पाणी. केव्हापासून लागलंय बांधाला? आणि इथला माणूस कुठाय?"

हा आवाज तिला माहीत होता. या आवाजात बोलायला लागले की ते घरात नसत.

"ते पावसाचं पाणी आहे. उद्या आटेल. या खाली, घरी जाऊ."

"बांध सोडून?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं, एखाद्या अडाण्याकडे पाहावं तसं. मग काठी खांद्याला लावली आणि माथ्यावरून चालायला लागले, नजर पाण्यावर.

आधी तिने ते हसण्यावारी नेलं. एक फेरी मारतील, दमतील, उतरतील. ती आतल्या गवतातून त्यांच्या बरोबरीने चालत राहिली. एक फेरी झाली. ते सखल जागेपाशी उतरले तसे पलीकडे चढले आणि दुसरी सुरू केली.

"बाबा, चहाची वेळ झाली."

"इथे पाठवा."

"थर्मास घरी आहे."

"मग थर्मासला घेऊन या," ते म्हणाले, आणि एरवी तिला हसू आलं असतं.

तिसऱ्या फेरीला ते स्वतःशीच पुटपुटत होते. "किती लांब टप्पा दिलाय आज. दगड येतच नाही."

दगड. जेवताना शंभरदा ऐकलेली ती गोष्ट तिला आठवली. बांधाचे टप्पे असत, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी चुन्याने रंगवलेला दगड. पहारेकरी आपल्या टप्प्यावर चालायचा, दगडापाशी बदलीचा माणूस उभा असायचा. जुन्याने काठी द्यायची आणि म्हणायचं, बांध तुझा. नव्याने काठी घ्यायची आणि म्हणायचं, बांध माझा. तेवढं झाल्याशिवाय कुणी पाय उतरवायचा नाही. मुकादमांचा नियम. तो मोडून जेवायला उतरलेल्या सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी कामावरून काढलं होतं, आणि सासूबाई पुढे वर्षभर त्यांच्याशी मोजकंच बोलल्या होत्या.

आणि हा बांध गोल होता. याला शेवट नव्हता. दगड येणारच नव्हता.

हे लक्षात आलं तेव्हा तिने फोन काढला. पडदा काळा. बाळ पंख्याच्या आवाजाशिवाय झोपत नसे. पंखा नको, नुसता आवाज हवा. तो आवाज दुपारभर फोनवर घरघरत होता आणि फोनचा जीव घेऊन थांबला होता. तिने बटण दाबून धरलं, पुन्हा धरलं. कुरणात गुरं नव्हती, माणूस नव्हता. घरांची छपरं खाली दिसत होती, ओळखू येतील इतकी जवळ आणि हाक पोचणार नाही इतकी लांब. आभाळ पुन्हा भरून आलं होतं, आणि उजेड उतरायला लागला होता.

बाळ जागं झालं. आधी कुरकुर, मग तोंड वळवून तिच्या कोटाला चोखणं. बाटली संपलेली होती. पिशवीच्या खिशात एक कोरडं दुपटं आणि अर्धं बिस्कीट, तेही मुकादमांचं.

तिने तोंडाशी हात धरून वर पाहिलं. "बांध माझा," ती ओरडली. "मी आलेय बदलीला. उतरा तुम्ही."

ते थांबले.

"खालून काय सांगतेस?" ते म्हणाले. "वर येऊन सांग."

ती चढली. गवत निसरडं होतं, एक हात बाळाच्या डोक्याखाली, दुसऱ्याने गवताचे झुबके धरत, गुडघे टेकत, कशीबशी माथ्यावर पोचली. वारा अंगावर आला तसं बाळाने किंकाळी फोडली. मुकादमांचे ओठ निळसर पडले होते. स्वेटरच्या कोपरावर चिखल होता, म्हणजे मधे कुठेतरी ते पडले होते आणि तिला दिसलंही नव्हतं.

"द्या काठी. बांध माझा."

त्यांनी काठी मागे घेतली. तिच्या छातीवरच्या पिशवीकडे बोट केलं. "हे काय?"

"बाळ आहे. आपलं गठुडं, बाबा."

"लेकरू घेऊन बांधावर?" ते चिडले नव्हते, नवख्या माणसाला समजावून सांगावं तसं बोलत होते. "हे बघ पोरी. बांधाला झरा फुटला की दोन्ही हातांनी माती दाबायची असते. एका हाताने झरा दबत नाही. एकदा एकाच्या हातात जेवणाचा डबा होता. डबा ठेवू कुठे, ठेवू कुठे म्हणेपर्यंत हाताएवढं भोक पडलं. तेव्हापासून आपला नियम आहे. हात भरलेला माणूस पहाऱ्यावर नाही. असेल तर त्याने उतरायचं, लगेच, बदली मिळेल त्याला बांध देऊन. तुला कुणी पाठवलं? मोकळ्या हाताचा माणूस पाठव म्हणावं."

"मी तुमची सून आहे."

"असशील," ते सौम्यपणे म्हणाले. "पण हात भरलेत तुझे."

तिने त्यांची बाही धरली आणि ओढली. ही तिची चूक झाली. त्यांनी हिसका दिला, जोर नव्हता त्यात, पण तिचा पाय गेला. ती पाठीवर घसरत निम्म्या उतारापर्यंत खाली आली, दोन्ही हातांचा विळखा बाळाभोवती, टाचा गवतात रुतवत. थांबली. बाळ गप्प. मग बाळाने श्वास घेतला आणि आकांत मांडला, आणि तो आकांत ऐकून तिला हायसं वाटलं. वर मुकादम चालायला लागले होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. ते पाण्याकडे पाहत होते.

ती तिथेच बसून रडली. थोडंसंच, घाईघाईने, कारण वेळ नव्हता.

मग तिने ठरवलं. बाळाला आधी घरी पोचवायचं, शेजारच्यांकडे ठेवायचं, चार माणसं घेऊन परत यायचं. ती सखल जागेतून बाहेर पडली, फाटकाकडे भराभर चालायला लागली. बारीक पाऊस सुरू झाला होता. जाऊन यायला किती वेळ, तोवर किती अंधार, आणि ओल्या स्वेटरमधला तो देह किती फेऱ्या मारेल, हा हिशेब ती मनात मांडत होती आणि प्रत्येक वेळी तो चुकत होता. तिने वळून पाहिलं. माथ्यावर ते दिसले नाहीत. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा दिसले. बाहेरच्या उतारावर, पाण्याच्या अगदी कडेला, गुडघ्यांवर ओणवे, मातीला तळवे लावलेले. ओल शोधत होते. उठायचा प्रयत्न करत होते, आणि उठता येत नव्हतं.

ती धावत परतली.

पोचेपर्यंत ते काठीच्या आधाराने उभे राहिले होते आणि पुन्हा वर चढत होते, चार पावलं चढून एक पाऊल घसरत. तिने मागून पाठीला हात लावून त्यांना वर लोटलं. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ज्या माणसाला खाली न्यायचं त्यालाच ती वर ढकलत होती. माथ्यावर पोचल्यावर दोघं धापा टाकत समोरासमोर उभी राहिली. त्यांचे हात काठीवर थरथरत होते. तळव्यांना चिखल, नखांत माती.

"बदली नाही पाठवत कुणी," ते म्हणाले, आणि आता त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "विसरले मला. या टोकाला मी आहे, हेच विसरले."

"नाही विसरले बाबा."

"मला बसायचंय गं. पण बांधावर बसता येत नाही."

ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. काठी सोडली तर रिकामे असलेले ते दोन हात. आणि मघाचं वाक्य तिच्या डोक्यात असं उभं राहिलं की तिला स्वतःचीच भीती वाटली. हात भरलेला माणूस पहाऱ्यावर नाही. असेल तर त्याने उतरायचं, लगेच.

तिचे हात मोकळे होणार नव्हते. पण त्यांचे भरता येण्यासारखे होते.

निसरडा माथा. एका बाजूला खंदक आणि पाणी. थकलेला, गारठलेला म्हातारा, ज्याने या लेकराला टोपलीत ठेवून वर टॉवेल टाकला होता आणि विचारलं होतं, कुणाचं बाळ. घरात, गालिच्यावर, तिच्या डोळ्यांसमोरसुद्धा ज्याच्या हातात तिने बाळ दिलं नव्हतं. बाळ रडून रडून आता उचक्या देत होतं, आणि त्याचं कपाळ तिच्या हनुवटीला गार लागत होतं.

तिने पिशवीचे बंद सोडले. एक बंद सुटला, दुसऱ्याची गाठ बसली होती, ती तिने दातांनी सोडवली. कोरड्या दुपट्यात बाळाला घट्ट गुंडाळलं, आणि पुढे केलं.

"मुकादम," ती म्हणाली. बाबा नाही म्हणाली. "हे धरा जरा."

"मी पहाऱ्यावर आहे."

"पुरातून आलंय. याला कुणीच नाही. माझ्या हातून पडेल आता. धरा."

तिने हात सैल केले. इतके सैल की दुपटं बोटांतून सरकायला लागलं. आणि त्यांनी काठी टाकली. पुढच्या क्षणी बाळ त्यांच्या कोपराच्या खळग्यात होतं, डोकं वर, पाय काखेत, दुसरा पंजा पाठीखाली. त्या पंजाला कंप नव्हता. बाळाने एक उचकी दिली, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गप्प झालं.

मुकादमांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग खाली पडलेल्या काठीकडे. चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग हळूहळू, थकलेलं पाऊल घरात पडावं तसा सुटकेचा भाव.

"हात भरले माझे," ते म्हणाले.

"हो. आणि माझे मोकळे आहेत." तिने दोन्ही तळवे दाखवले. वाकून काठी उचलली.

"बांध तुझा."

"बांध माझा."

ते वळले आणि उतरायला लागले, आडवे, टाच रोवून, वजन तटाच्या बाजूला देत, बाळ वरच्या अंगाला धरून. एकदाही घसरले नाहीत. तिने मागोमाग एक पाऊल खाली टाकलं मात्र, ते थबकले.

"बांध कुणाला दिलास?"

"कुणाला नाही. मी पण येतेय."

ते परत चढायला लागले. बाळासकट. "मग मलाच थांबायला हवं."

"नाही, नाही. आहे मी इथेच," ती म्हणाली आणि दोन्ही पाय माथ्यावर जोडून उभी राहिली. "जा तुम्ही. हळू जा."

ते गेले. तिने आयुष्यात कधी कुणाला इतकं पाठमोरं पाहिलं नव्हतं. सखल जागेपर्यंत गेले, बाहेर पडले, फाटकाच्या दिशेने. तिथे वाट फुटत होती. एक वाट घरांकडे, दुसरी खाली ओढ्याकडे, आणि ओढा पावसाने वाजत होता. मुकादम क्षणभर थांबले आणि ओढ्याच्या वाटेला लागले. त्यांच्या काळी पहारेकऱ्यांच्या छावण्या पाण्याजवळ असत.

ती खाली उतरली तर ते बाळाला घेऊन वर येणार. न उतरली तर ते बाळाला घेऊन ओढ्यात जाणार. तिच्या तोंडून आवाज निघाला, शब्द नव्हता तो.

मग तिने काठी दोन्ही हातांनी मातीत खुपसली. आत जाईना. कुणीतरी कुठल्या काळी चोपलेली माती होती ती, हलगर्जी न केलेली. ती तिच्यावर सगळ्या अंगानिशी रेलली, काठी थोडी आत गेली, पुन्हा रेलली, आणखी गेली. अंगातला रेनकोट काढून तिने काठीवर चढवला, बटणं लावली, मुठीवर टोपी ओढली, गळ्यातला स्कार्फ मानेशी आवळला. वाऱ्याने बाह्या हलल्या. पोकळ, पिवळा माणूस उभा राहिला. त्याच्याकडे दुसऱ्यांदा न पाहता ती उतारावरून निम्मी धावत, निम्मी घसरत खाली आली आणि ओल्या गवतातून जिवाच्या आकांताने पळत सुटली.

"मुकादम, थांबा. बदली आली."

ते वळले. तिच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही; तिच्या डोक्यावरून मागे, तटाकडे पाहिलं. संधिप्रकाशात माथ्यावर कोट घातलेली आकृती उभी होती, वाऱ्यात किंचित हलत.

"कोण आहे रे तो?" त्यांनी आवाज चढवला. "बांध तुझा."

पावसाची भुरभुर. बाळाची उचकी. ओढ्याचा आवाज. ते वाट पाहत होते. उत्तराशिवाय ते हलणार नव्हते, हे तिला ठाऊक होतं.

तिने बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखं केलं, तोंड फिरवलं, आणि घशातून काढता येईल तेवढ्या जाड आवाजात म्हणाली, "बांध माझा."

मुकादमांनी मान हलवली. "नवा दिसतोय. आवाजात दम नाही." मग तिला विचारलं, "घर कुठल्या बाजूला?"

"इकडून, बाबा."

वाटभर ती त्यांच्या बाजूने चालली, तिचा हात बाळाच्या खाली, बाळाला न लागता, जमिनीच्या आणि बाळाच्या मधे. एकदा तिने म्हणून पाहिलं, "द्या, दमलात. घेते मी."

"नको," ते म्हणाले. "हे दिलं की हात मोकळे होतात. मग मला परत जावं लागेल."

हे त्यांनी इतक्या स्वच्छ, शहाण्या आवाजात सांगितलं की तिने आपला हात पुन्हा बाळाखाली धरला.

घरी पोचल्यावर ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले, बाळासकट. तिने त्यांचे बूट काढले, ओले मोजे काढले, खांद्यांवर ब्लँकेट टाकलं. स्वेटर काढता आला नाही, कारण त्यासाठी हात सोडवावे लागले असते. बाटली गरम करताना तिची पाठ त्यांच्याकडे होती ती फक्त एका क्षणापुरती, आणि त्या क्षणातही ती काचेच्या कपाटात त्यांचं प्रतिबिंब बघत होती. मग ती खुर्चीशी गुडघे टेकून बसली आणि त्यांच्या हातातल्या बाळाला तिने तशीच बाटली लावली. बाळ गटागटा प्यायला लागलं. तिची ओली कोपरं टेबलाच्या पायाला लागत होती. कुठेतरी खरचटलंही होतं.

चार्जिंगला लावलेला फोन जिवंत झाला आणि टेबलावर थरथरायला लागला. नणंद असणार. चाललात का आज, विचारायला. तिचा एक हात बाटलीला होता, दुसरा मुकादमांच्या कोपराखाली. दोन्हीतला कुठलाही काढता येत नव्हता. फोन थरथरून थांबला, पुन्हा सुरू झाला.

आज हे जमलं. उद्या सकाळी ते उठतील तेव्हा हात मोकळेच असतील, आणि खिडकी हीच. तिने मान वर केली. बाहेर अंधार पडत होता, छपरांपलीकडे कडं काळं झालं होतं, आणि त्यावर अजून एक फिकट पिवळा ठिपका दिसत होता, आडव्या पावसात.

मुकादमही तिकडेच बघत होते.

"कोण आहे रात्रीला?" त्यांनी विचारलं.

"आहे एक जण."

"हात मोकळे आहेत ना त्याचे?"

वाऱ्याने ठिपका हलला. ती बाटली तिरकी करत म्हणाली, "हो बाबा. अगदी मोकळे आहेत."